पुतळाबाईचा रकाना

चाळीसगाव
ता. १४ फेब्रुवारी १९५४

ती. दाजींच्या सेवेशी,

नानाचा नमस्कार. आक्का गेली त्याला चार महिने होतील. या चार महिन्यांत मी तुम्हांला चार पत्रं घातली आणि तुमचं एक कार्ड आलं. त्यावर "ठीक आहे" एवढे दोन शब्द होते. मायनं ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा म्हणाली, "नीट वाच. जवाई इतलंसं कसं लिखी?" म्हणून आता तुम्हांला उत्तर द्यावंच लागेल असं काम काढतो.

राज्यं नव्यानं पाडायला दिल्लीनं आयोग नेमला आहे, हे तुम्ही वाचलं असेलच. आयोगाकडं निवेदन धाडायला आमच्या गावात समिती झाली आणि मी तिचा चिटणीस झालो. अक्षर बरं आहे म्हणून केलं, दुसरा गुण नाही. खानदेश, मराठवाडा, वऱ्हाड, सगळा मराठी मुलूख एका राज्यात यावा अशी आमची मागणी आहे. समितीतल्या थोर मंडळींनी ताम्रपट आणि बखरी काढल्या आहेत. मी म्हटलं, ताम्रपट कोण वाचतो, जिवंत माणसाचा दाखला द्या. घाटाखाली इंग्रजाचं राज्य, घाटावर निजामाचं. माझी बहीण एकतीस साली कन्नडचा घाट चढून निजामाच्या राज्यात नांदायला गेली. रझाकारांच्या वर्षी आठ महिने परत खाली आली, पोलीस ॲक्शन झाल्यावर पुन्हा वर गेली. राज्यं दोन, पण बाई एक आणि तिची भाषाही एक.

हे मी परवा बाजारच्या सभेत बोललो. दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. लगेच ठरलं की निवेदनाला तुमचा लेखी दाखला जोडायचा. एक्कावन्न सालच्या खानेसुमारीत तुमच्या गल्लीची माणसं तुम्हीच मोजली होती. तेव्हा एवढंच लिहून द्या: "मी खानेसुमारीचं काम केलं. माझी पत्नी कै. पुतळाबाई हिनं आपली मातृभाषा मराठी सांगितली व तशी नोंद मी केली." खाली सही.

दोन शब्दांच्या वर जावं लागेल, त्याबद्दल माफी असावी.

आपला,
नाना

*

औरंगाबाद
ता. २१ फेब्रुवारी १९५४

चि. नानास आशीर्वाद.

पत्र पोचलं. सासूबाईंना सांग, तब्येत बरी आहे. स्वयंपाक मीच करतो. शेजारच्या दगडाबाई अधूनमधून भाजी आणून देतात आणि मी खाईपर्यंत दारात उभ्या राहतात. लेक वच्छला महिन्यातून एकदा सासरहून, पाचोडहून येते, डबे उघडून पाहते आणि रागावून परत जाते. एकूण माझ्यावर देखरेख पुरेशी आहे.

तुझ्या समितीबद्दल मला आदर आहे. पण तू मागतोस तसा दाखला मला देता येणार नाही. पुतळाबाईची मातृभाषा मी अहिराणी लिहिली आहे.

थंडी कमी झाली आहे. इकडं हरभरा चांगला आला.

त्रिंबक

*

चाळीसगाव
ता. २६ फेब्रुवारी १९५४

ती. दाजी,

तुमचं पत्र मी ओट्यावर उभा राहून वाचलं आणि मग बसून वाचलं. अशी बातमी द्यायची आणि खाली हरभऱ्याचं लिहायचं, हे तुम्हांलाच जमतं.

दाजी, तुम्ही काय करून ठेवलंत याची तुम्हांला कल्पना नाही. समितीनं हस्तपत्रक छापलं. पाचशे प्रती. मथळा "एका खानदेशकन्येची साक्ष". त्यात आक्कानं खानेसुमारीच्या माणसाला बाणेदारपणे "माझी भाषा मराठी" असं सांगितल्याचं मी स्वतः लिहिलं आहे. बाणेदारपणे हा शब्दही माझाच. तीनशे प्रती वाटून झाल्या. उरलेल्या दोनशेंवर मी आत्ता बसलो आहे.

इकडं काही मंडळी म्हणत फिरतात की अहिराणी ही मराठी नव्हेच, ती गुजरातीची बहीण, म्हणून खानदेशाचा तुकडा तिकडं जावा. त्यांना जर कळलं की समितीच्या चिटणीसाची सख्खी बहीण सरकारी कागदावर अहिराणी म्हणून नोंदली आहे, आणि तीसुद्धा तिच्याच नवऱ्याच्या हातानं, तर मला गाव सोडून तुमच्याकडंच राहायला यावं लागेल. मग भाजी दोघांची आणायला सांगा दगडाबाईंना.

अहिराणी आम्ही घरात बोलतो हे मी कधी नाकारलं? मी बैलांशीही तीच बोलतो. पण सरकारनं विचारलं की मराठी सांगायचं. पाव्हण्यांकडं जाताना नवा सदरा घालतो तसंच ते. तुम्ही मास्तर, तुम्हांला हे मी सांगायचं?

ही चूक दुरुस्त होते का? तुमच्या ओळखीचा कुणी कारकून असेलच. नाहीतर निदान एवढं लिहून द्या की नोंद घाईत झाली. उलट टपाली कळवा. निवेदन एप्रिलच्या आत जायचं आहे.

नाना

ता. क. मायला यातलं काही सांगितलेलं नाही.

*

औरंगाबाद
ता. ७ मार्च १९५४

चि. नानास आशीर्वाद.

उलट टपाली जमलं नाही. परीक्षेचे पेपर होते.

नोंद घाईत झाली नव्हती. आमची गल्ली मी अठरा दिवस मोजत होतो. आमच्या गल्लीत दोन प्रकारची माणसं निघाली. काही माझ्या तोंडाकडं बघून उत्तर देत आणि काही माझ्या पेनाकडं बघून. दगडाबाईंना वय विचारलं तर म्हणाल्या, "मास्तर, तुमच्यापेक्षा दोन कमीच लिव्हा." मी म्हटलं, माझं तुम्हांला माहीत नाही. म्हणाल्या, "म्हणून तर म्हन्ते."

तुमच्या आयोगाबद्दल इथंही रोज बोलणं चालतं. शाळेत तीन पक्ष पडले आहेत. एका पक्षाला मुंबईसकट महाराष्ट्र हवा, दुसरा म्हणतो हैदराबाद आहे तसंच राहू द्या, आणि तिसरा म्हणतो मराठवाडा वेगळा काढा, नाहीतर मोठ्या ताटात आपल्या वाट्याला चटणी येईल. कादरी मास्तर कुठल्याच पक्षात नाहीत. मी लहानपणी त्यांच्याकडं उर्दू शिकलो. आता सरकारी कामाची भाषा बदलली म्हणून ते मधल्या सुट्टीत माझ्याकडं मराठी शिकतात. परवा कुणीतरी त्यांना विचारलं, मास्तर, तुमचं वतन कुठलं धरायचं? ते म्हणाले, "मेरा वतन पनचक्की से दो गल्ली उधर. दिल्लीवालों कू बोलो, उसकू नक्को हिलाव, बाकी नक्शा उनका."

मी कुठल्या पक्षात आहे असं तू विचारशील. मराठी माणसांचं एक राज्य व्हावं असं मलाही वाटतं. पाढे मी अजून उर्दूत म्हणतो, पण मत आहे ते आहे. निवेदनावर मराठी माणूस म्हणून माझी सही हवी असेल तर मी देईन. पुतळाबाईबद्दल मात्र तुला हवं ते लिहून देणार नाही. तिनं अहिराणी सांगितलं, मी अहिराणी लिहिलं. तिच्या नावावर सरकारदरबारी तेवढा एकच शब्द आहे. तो मी बदलू देणार नाही.

त्रिंबक

*

(कार्ड)

चाळीसगाव
ता. ११ मार्च १९५४

ती. दाजी,

पत्रानं तुम्ही ऐकत नाही. मी पुढच्या शनिवारी दुपारच्या मोटारीनं येतो. दोन दिवस राहीन. भांडायला येतो आहे, तरी मायनं शेवेचे लाडू दिले आहेत.

नाना

*

चाळीसगाव
ता. २४ मार्च १९५४

ती. दाजी,

सुखरूप पोचलो. दोन दिवस मी भांडत होतो आणि तुम्ही भाकरी भाजत होता. भाकरी आक्काच्या हातासारखी नाही, पण फुगते. मी आवाज चढवला की तुम्ही विचारायचात, "कांदा घेणार का?" अशानं भांडण पुढं जात नाही. दगडाबाई मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "पाव्हणं, जरा जोरात भांडा. मास्तर पाच महिन्यात इतकं बोलले नाय."

आता जे लिहायचं आहे ते असं. सोमवारी तुम्ही शाळेत गेलात. मी कागद शोधत होतो, समितीला चिठ्ठी लिहायची होती. कपाटात तुमच्या खानेसुमारीची कच्ची वही सापडली, घरोघर विचारून आधी जिच्यात लिहिलं ती. दुसऱ्याच्या कपाटात हात घालू नये, हे मला कळतं. पण वही दिसल्यावर माझ्याच्यानं राहवलं नाही.

सगळी गल्ली आहे तिच्यात. दगडाबाईंच्या वयावर तीनदा खाडाखोड आहे. शेवटच्या पानावर तुमचं घर. नाव पुतळाबाई, वय पस्तीस, जन्म चाळीसगाव. आणि मातृभाषेच्या रकान्यात तुमच्या अक्षरात, न खोडता, न गिरवता, मराठी.

मी वही जागेवर ठेवली. तुम्ही संध्याकाळी आलात, मी काही बोललो नाही, हे तुमच्याही ध्यानात आलं असेल. मंगळवारी मोटारीत बसेपर्यंत आणि नंतर घाट उतरेपर्यंत मी एकच विचार करत होतो. हवी तीच नोंद तुमच्या कपाटात पडलेली असताना तुम्ही महिनाभर माझ्याशी खोटं का बोललात? मास्तर माणूस तुम्ही. आजवर तुमच्या तोंडून एक खोटा शब्द ऐकला नाही, आणि पहिला बोललात तो स्वतःच्या बायकोबद्दल.

माझी फजिती बघायची होती का? तसं असेल तर सांगा, मी रागावणार नाही. तशी मजा आक्कालाही आवडायची. पण तसं नसेल तर काय आहे ते लिहा. या वेळी कांदा विचारू नका.

नाना

*

औरंगाबाद
ता. २ एप्रिल १९५४

चि. नाना,

वही पाहिलीस ते बरं झालं. मी ती हातात घेऊन दाखवू शकलो नसतो.

तुझी फजिती करायची नव्हती. काय झालं ते क्रमानं लिहितो. मला दुसरी पद्धत येत नाही.

खानेसुमारीच्या शेवटच्या दिवशी मी घरी आलो. सगळी गल्ली झाली होती, आपलंच घर राहिलं होतं. मी टेबलाशी बसून लिहून टाकलं. ती आत भाकरी करत होती. हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, माझं काय लिहिलं? मी वाचून दाखवलं. नाव, वय, जन्म, मातृभाषा. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दगडाबाईले इचारं, कादरी मास्तरले इचारं, गल्लीमाधला पांगळ्या बाबाले बी इचारं. माले इचारं नही."

मी म्हटलं, तुझं मला माहीत आहे. शिवाय सरकारी कागद आहे, खाडाखोड चालत नाही. दगडाबाईंच्या वयाची तीन वेळा चालली होती, हे तू पाहिलंसच.

ती भांडली नाही. पुढचे आठ दिवस मी काहीही विचारलं की ती एकच उत्तर देई. आमटीत मीठ कमी आहे का? "कागदवर काय लिखेल शे ते देखा." उद्या उपास आहे का? "सरकारले इचारा." माझा चष्मा कुठं आहे? "रकानामा देखा." नवव्या दिवशी मला हसू आलं, तिलाही आलं. विषय मिटला असं मी धरलं. तिनं तो पुन्हा काढला नाही. माझ्याही मनातून गेला.

पण नाना, ही एका दिवसाची गोष्ट नव्हती. लग्न होऊन ती आली तेव्हा "शे" म्हणायची. मी म्हणायचो, "आहे" म्हण, मास्तरची बायको आहेस, लोक हसतात. रागावून कधी बोललो नाही. वर्गात सांगतो तसं सांगायचो. दोन वर्षांत ती चारचौघांत "आहे" म्हणू लागली. घरात कुणी नसलं की पुन्हा "शे". मी जिना चढतोय असं ऐकू आलं की वच्छलाशी चाललेलं बोलणं मधेच मराठीत व्हायचं. याचा मला अभिमान वाटायचा. किती लवकर शिकली, असं मी कादरी मास्तरांना सांगितल्याचं आठवतं.

दवाखान्यात शेवटचे चार दिवस ती फक्त अहिराणीत बोलली. काही शब्द मला कळले नाहीत. एक शब्द तिनं दोनदा म्हटला. नर्सला कळला नाही, मला कळला नाही. विचारावं म्हणेपर्यंत ती झोपली. मग विचारायचं राहिलं.

म्हणून तुझं पत्र आलं आणि तू तिची मातृभाषा विचारलीस, तेव्हा मी लिहिलं ते तिला विचारलं असतं तर तिनं जे सांगितलं असतं ते. लिहिताना ते खोटं आहे असं वाटलं नाही. नंतर वाटलं. पण तोवर तू इतका चिडलास की माघार घ्यायची लाज वाटली. आणि खरं सांगू, तू चिडून तिच्याबद्दल इतकं लिहीत होतास की पत्रांची वाटही बघत होतो.

आता तुझ्या कामाचं. कागदावर मराठी आहे, ते तू वापरू शकतोस, मी अडवू शकत नाही. पण "तिनं सांगितलं" असं लिहू नकोस. तिला कुणी विचारलंच नव्हतं. सोबत एका कोऱ्या कागदावर सही करून पाठवली आहे. वर लिही की त्रिंबक मास्तर, राहणार औरंगाबाद, मातृभाषा मराठी, यांना मराठी मुलखाचं एक राज्य व्हावं असं वाटतं. माझ्यापुरतं मी सांगू शकतो.

त्रिंबक

*

चाळीसगाव
ता. ११ एप्रिल १९५४

ती. दाजी,

तुमचं पत्र घेऊन मी शेतात गेलो होतो, घरी वाचता आलं नाही. संध्याकाळी परत आलो तर माय ओट्यावर बसली होती. म्हणाली, "जवाईनं पत्र ना? डोया कसाले लाल शेतस?" शेवटी वाचून दाखवलं. सगळं. दवाखान्याचंही.

मायनं कागद हातात घेऊन उलटसुलट केला. मग मला विचारलं, "आणि मनं काय लिखेल शे?"

दाजी, एक्कावन्न साली आमच्याकडं मोजायला आले तेव्हा माय पुढं बसून डाळ निवडत होती. त्या माणसानं मातृभाषा विचारली. मीच सांगून टाकलं, मराठी, सगळ्यांचीच मराठी लिहा. मायनं मान वरही केली नाही, म्हणून मला वाटलं तिला ऐकू आलं नाही. परवा कळलं की तिला सगळं ऐकू आलं होतं. तीन वर्षं ती पोटात ठेवून होती. म्हणाली, "तुनी बी माले इचारं नही." तुमच्या घरातली बोलली तेच, शब्दही तेच. आता घाटाच्या दोन्ही अंगांना एकेक गुन्हेगार झाला. सरहद्द असली काय, नसली काय.

समितीत काल खडाजंगी झाली. मी म्हटलं, आक्काचा परिच्छेद काढतो. अध्यक्ष म्हणाले, अहो, तोच तर भारी आहे, आणि कागदावर मराठी आहेच की. मी म्हटलं, कागदावर आहे, बाईच्या तोंडात नव्हतं. ते म्हणाले, आयोगाला काय कळणार? मी म्हटलं, आयोगाला नाही कळणार, मायला कळेल. ती रोज मला वाढते. एका सभासदानं तर हळूच सांगितलं की त्याच्या घरीही त्यानंच परस्पर सांगितलं होतं. मग दुसऱ्यानं. दाजी, आमची समिती म्हणजे न विचारता मराठी लिहून टाकणाऱ्यांचं संमेलन आहे.

निवेदन गेलं. राज्य एक व्हावं, हे मी सोडलेलं नाही. उलट जास्त जोरात लिहिलं आहे. फक्त एक वाक्य मी माझ्या अंगावर घेऊन घातलं, की या मुलखात घराघरांत वेगळ्या बोली आहेत आणि तरी आम्हांला एकत्र राहायचं आहे, असं आम्हीच सांगतो आहोत. अध्यक्षांना ते कमकुवत वाटलं. मी चिटणीस, अक्षर माझं, त्यामुळं गेलं. तुमची सही पहिल्या पानावर आहे. हस्तपत्रकाच्या उरलेल्या दोनशे प्रती चुलीत गेल्या. मायनं त्यांच्यावर पाणी तापवलं.

आता मायचा निरोप. ती सांगत गेली तसा लिहितो, एक अक्षर सुधारत नाही. तिनं तशी शपथ घातली आहे.

"जवाईबुवा, राम राम. पुतळी तुम्हले जे दोनदा बोलनी ते काय व्हतं, ते माले आयकानं शे. तुम्हीन जसं आयकं तसं सांगा, मी वळखसु. आखाजी येई राहिनी. यंदा पुतळी येवाव नही. तुम्हीन या. आनि माले बी तुम्हले एक इचारनं शे. तुम्हनी बोली कोनती? कागदवर लिखू नका. आठे ईसन सांगा."

खाली तिनं अंगठा उठवला आहे. शाई जास्त झाली, क्षमा असावी.

नाना

*

औरंगाबाद
ता. २० एप्रिल १९५४

ती. सासूबाई सारजाबाई यांच्या पायांवर डोकं ठेवून,

पत्र नाना वाचून दाखवील. त्यानं मधे थांबून हसू नये, हे आधी सांगा.

निरोप मिळाला. अक्षय्य तृतीयेला शाळेला सुट्टी आहे, आखाजीला येतो. तिनं म्हटलेला शब्द मी रोज मनात म्हणून ठेवला आहे, विसरलेलो नाही. तो तुमच्यापुढंच म्हणून दाखवीन.

बोलीचं तुम्ही विचारलंत. कागदावर लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. फक्त काल झालं ते कळवतो. कादरी मास्तर घरी आले होते. दार उघडं होतं, मी चुलीपाशी होतो. मागं न बघताच म्हटलं, "बठा, चहा मांडेल शे." ते बसले नाहीत, दारातच उभे राहिले. म्हणाले, "मास्टर, ये कौन सी जबान बोले तुम?" दगडाबाई जिन्यातून म्हणाल्या, "रोजच बोलत्यात. दूध उतू गेलं का, मांजर आलं का, असंच बोलत्यात. म्या म्हनलं नाय, म्हनलं लाजतील."

शेवटचं एवढं तुमच्या बोलीत लिहितो. चुका होतील.

माय, दर आखाजीले नाना मुराळी म्हनीसन ये आनि तिले माहेरले ली जाय. मी कधी संगे उनू नही, शायाना नाव सांगू. औंदा मना घर बी मुराळी धाडा. नानाले सांगा, लवकर ये. मी कपडा बांधीसन दारमा बठेल शे.

तुमचा,
त्रिंबक